शिव शिव म्हणूनही न गेलेली थंडी: पुणे, वेल्हे, केळद, पाबे

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं घरोघरी सांगतात. काही वर्षी ती ऐकत नाही. माघ संपत आला तरी पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास घुटमळतो, शहराच्या कडेला पाषाण-एनडीएकडे आणखी एखाददुसरा अंश खाली, आणि दुपारी मात्र स्वेटर कमरेला. उत्तरेत पश्चिमी झंझावात एकामागून एक येत राहिले की प्रत्येकाच्या पाठोपाठ कोरडं गार वारं महाराष्ट्रापर्यंत उतरतं. हवेत बाष्प कमी, ढग नाहीत, त्यामुळे जमिनीत साठलेली दिवसभराची ऊब रात्री सरळ आकाशात निघून जाते. थंडी पडते त्याच कारणाने तारेही स्वच्छ दिसतात, म्हणून आकाश बघणाऱ्यांनी असल्या थंडीला नावं ठेवू नयेत. पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा आहे, १७ जानेवारी १९३५ चा. त्यापुढे हे काहीच नाही. पण उतारावर सायकलने ताशी चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला आठ अंशांची हवा तीन अंशांसारखी लागते, हेही खरं.

शिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, लगेच अमावास्या, मग प्रतिपदा, द्वितीया. चार काळोख्या रात्री सलग मिळतात. त्या रात्री तारे बघायला जायचा सायकलचा फेरा असा: स्वारगेट, कात्रज, नसरापूर, वेल्हे, तिथून केळदला जाऊन परत वेल्हे, शेवटी पाबे घाटाने खडकवासला आणि घर. सगळं मिळून १६०-१७० किलोमीटर. कागदोपत्री वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड, लोकांच्या तोंडी वेल्हंच. खाली दिलेल्या ताऱ्यांच्या वेळा फेब्रुवारीच्या मध्याच्या आहेत. शिवरात्र पुढे सरकली तर दर दिवसाला चार मिनिटं वजा करायची, म्हणजे पंधरवड्याला एक तास.

आदला दिवस

दुर्बीण १० बाय ५०, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची. टेलिस्कोप सायकलवर नेणं शक्य असतं, शहाणपणाचं नसतं. दुर्बीण पॅनियरमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत, ठेवायची नाही. मागच्या चाकाचे हादरे थेट तिथे पोचतात आणि दोन नळ्यांची जुळणी बिघडते. मग एका ताऱ्याचे दोन दिसतात, किंवा दिसतो एकच, पण दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. टॉवेलात गुंडाळून हँडलबारच्या पिशवीत किंवा पाठीवर घ्यायची. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन पेपरच्या दोन-तीन घड्या रबरबँडने बसवायच्या. एका घडीतून पांढरा उजेड झिरपतो आणि अंधाराला सरावायला डोळ्यांनी घेतलेली वीस-तीस मिनिटं फुकट जातात.

टायर ७०० बाय ३५ मापाचा असेल तर सामानासकट हवेचा दाब ६० पीएसआय ठीक. मात्र ही हवा दुपारी २८ अंशांत भरली तर पहाटे नऊ अंशांत ती ५५ च भरते. पंक्चर नाही, हवा आकसलेली असते. हे माहीत नसलं की माणूस कुडकुडत ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवत बसतो. म्हणून निघण्यापूर्वी पहाटेच हवा तपासावी. घाटासाठी पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांची जोडी लागते. मागे २८ च्या वर काही नसेल तर पाबे घाटात ढकलत जायची तयारी ठेवा.

कपड्यांत जाड जॅकेट एकच घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या. घामाचा बनियन, लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, वर वाऱ्याला अडवणारं पातळ जर्किन. उतारासाठी वर्तमानपत्राचे दोन कागद. छातीवर जर्किनच्या आत सरकवले की गार वारं अडतं, खाली उतरल्यावर काढून शेकोटीला वापरता येतात. रात्रीसाठी कानटोपी, दोन जोड मोजे, एक गोधडी, आणि जमिनीवर टाकायला फोमची मॅट. थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते.

पहिला दिवस: स्वारगेट ते वेल्हे, साधारण ६५ किलोमीटर

सव्वासहाला निघालं की सूर्योदय, म्हणजे सातच्या सुमाराची वेळ, कात्रजच्या चढावर गाठते. जुन्या घाटानेच जायचं. बायपासचा नवा बोगदा सायकलसाठी नाही. कात्रज चौकापासून चार-पाच किलोमीटर चढ, कुठेही अंगावर येणारा नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे स्वारगेटला लागलेल्या थंडीचे सगळे थर अंगावर ठेवून चढणं. वर पोचेपर्यंत बनियन ओला होतो आणि बोगद्यापलीकडच्या उतारावर तोच बर्फासारखा पाठीला चिकटतो. चढ सुरू होताना दोन मिनिटं थांबून फ्लीस काढायचा, वर पोचल्यावर घालायचा.

वरच्या वळणावरून मागे वळून बघावं. शहरावर धुराची चादर असते आणि तिची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सपाट दिसते. थंड जड हवा खाली बसलेली, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचं झाकण, आणि शेकोट्या-वाहनांचा धूर त्या झाकणाखाली अडकलेला. पुढच्या तीन रात्री कुठे बसायचं याचा निर्णय या चादरीवरून घ्यायचा आहे: खोऱ्याच्या तळाशी कधीच नाही. तळापेक्षा पन्नास-शंभर मीटर वर, उताराच्या खांद्यावर, दोन-चार अंश जास्त ऊब असते, दव कमी पडतं आणि धूर पायाखाली राहतो.

जुन्या बोगद्यात मागचा दिवा लुकलुकता नाही, स्थिर ठेवावा. अंधारात लुकलुकत्या दिव्यावरून मागच्या ट्रकवाल्याला अंतर कळत नाही. शिंदेवाडीपासून महामार्ग. सर्व्हिस रोड मिळेल तिथे तो धरायचा, नाही तिथे पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. फुटलेल्या टायरच्या तारा याच कडेला साचतात आणि पंक्चर त्यांचंच होतं. थंडीत पॅच निघून येतो याचं कारण एकच, सोल्युशन वाळू न देणं. दुपारी तीन मिनिटांत वाळतं त्याला सकाळी आठ-दहा मिनिटं लागतात. बोट लावून बघायचं नाही. चकाकी गेली की वाळलं. घाई असेल तर नवी ट्यूब टाकावी आणि जुनी मुक्कामावर उन्हात बसून दुरुस्त करावी.

नसरापूरला बनेश्वराच्या देवळात शिवरात्रीला मोठी गर्दी. दर्शन घ्यायचं तर नऊच्या आत पोचावं, नंतर सायकल टेकवायलाही जागा नसते. उपासाचे पदार्थ सायकलवाल्याला उत्तम चालतात. साबुदाण्याची खिचडी, रताळं, दाण्याचा लाडू, केळी. फक्त खिचडी पोटभर खाऊन लगेच पेडल मारू नये. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं आणि दुपारी पिंढऱ्यांत गोळे येतात. तासाला अर्धा लिटर, तहान असो-नसो. बाटलीत मीठ, साखर, लिंबू.

नसरापूर ते वेल्हे तीसेक किलोमीटर. मार्गासनी, विंझर करत रस्ता चढ-उतरत राहतो, समोर आधी राजगड आणि मग तोरणा. भात निघून गेलेल्या खाचरांत हरभरा, मसूर, कुठे गहू. बांधावर पालापाचोळा, गवत, शेणाचे थर रचून ठेवलेले दिसले तर ते राब. भाताच्या रोपांची जागा भाजण्याची ही तयारी. ज्या संध्याकाळी राब पेटतो, त्या संध्याकाळी त्या खोऱ्यात आकाशाला रामराम. गावात शिरल्यावर चहा घेतानाच विचारून घ्यावं की आज कुठे भाजणी आहे का, डोंगराला वणवा लागलाय का. जेवणाचंही तेव्हाच सांगून टाकायचं. आयत्या वेळी रात्री नऊला पिठलं-भाकरी मिळत नाही आणि मागणाऱ्याची चूक असते.

सूर्यास्त साडेसहानंतर, पूर्ण काळोख पावणेआठच्या पुढे. वेल्ह्याच्या नैर्ऋत्येला तोरणा उभा आहे, १४०३ मीटरचा, त्यामुळे तिकडचं आकाश बरंच झाकलेलं. पहिली रात्र डोक्यावरच्या आकाशाची. मृग साडेआठला दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच जागी, येतो. काक्षी तांबूस, राजन्य निळसर, मधले तीन तारे आणि त्यांच्याखाली तलवारीतला धुरकट ठिपका. तोच मृगातला तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायू-धुळीचा ढग, साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचा. दुर्बिणीत तो पंख पसरल्यासारखा दिसतो. रंग दिसत नाहीत. फोटो बघून आलेल्यांची इथे थोडी निराशा होते.

आकाश किती चांगलं आहे हे मोजायची दोन माणसाळलेली साधनं आहेत. कृत्तिकांत पुण्यातून चार-पाच तारे सुटे दिसतात, इथे सहा-सात. आणि पुष्य. पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी जवळपास दिसतच नाही. इथे पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध कापसाचा पुंजका दिसतो आणि रात्री साडेअकराच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर असतो. मॅटवर पाठ टेकून, कोपरं छातीशी टेकवून दुर्बीण धरली की पुंजक्याचे सुटे तारे होतात. उभं राहून डोक्यावर बघण्याच्या नादात दुसऱ्या दिवशी मान धरते आणि सायकलवर मागे वळून बघता येत नाही.

दक्षिणेला अगस्त्याचा तारा. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. अगस्त्य त्याच्या सर्वोच्च जागीसुद्धा क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच, १९ अंशांवर, रात्री नऊ-वीसच्या सुमारास. दक्षिणेचा डोंगर दीड मुठीपेक्षा उंच असेल तर पन्नास पावलं सरकून जागा बदलावी. खालच्या हवेमुळे तो लाल-हिरवा लुकलुकतो. व्याध त्याच्या वर, साडेपाच मुठींवर, पावणेदहाला.

दुसरा दिवस: वेल्हे ते केळद, वीस-बावीस किलोमीटर

पहाटे उठून सायकल बघावी. उघड्यावर ठेवलेली सायकल दवाने निथळत असते, आंब्याखाली ठेवलेली कोरडी. उघडी वस्तू आपली ऊब आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून तिच्यावर दव आधी बसतं. झाडाचा पाला मध्ये आला की ते होत नाही. हाच नियम भिंगाला लागू. वर तोंड करून ठेवलेली दुर्बीण दहा मिनिटांत आंधळी होते. वापरात नसताना तोंड खाली आणि टोपण लावलेलं. दव बसलंच तर पुसायचं नाही, धुळीसकट पुसलं की कायमचे ओरखडे. जर्किनच्या आत धरून अंगाच्या उबेने सुकवायची. पुढच्या भिंगाभोवती काळ्या जाड कागदाची नळी, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब, रबरबँडने बसवली तर निम्मा त्रास वाचतो.

चेन जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दोन मिनिटं उलटे पेडल, मग वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. राहिलेलं जास्तीचं तेल धूळच गोळा करतं.

गाव तोवर उठलेलं असतं. चुलीवर पाण्याची भांडी, अंगणात शेकोटी, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली. नऊनंतर निघावं, ऊन अंगावर येऊ द्यावं. भट्टीकडून केळदचा रस्ता चढाचा, मधे दुकानं फारशी नाहीत, तेव्हा तीन लिटर पाणी आणि एका जेवणाचं सामान वेल्ह्यातूनच. भाकरी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे हे सगळ्यात कमी वजनात टिकणारं.

केळदजवळ मढे घाट. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठ्याला याच वाटेने नेला असं सांगतात. पावसाळ्यात इथे धबधब्यासाठी गर्दी, माघात कुणी नसतं. कडा पश्चिमेला कोकणात उतरतो, म्हणून पश्चिमेचं क्षितिज मोकळं. या प्रवासात इतकी मेहनत करून इथे येण्याचं कारण तेवढंच आहे. मुक्कामाची जागा गावात विचारून ठरवावी. कड्यापासून शंभर पावलं आत, कारण वारं कड्यावरून वर चढतं आणि काळोखात कडा दिसत नाही. शेकोटी गावातल्या अंगणातच. वाळलेल्या गवतात पेटवलेली शेकोटी म्हणजे वणवाच.

पावणेआठ ते पावणेनऊ ही आजची मुख्य वेळ. मावळतीचा उजेड पूर्ण संपल्यावर पश्चिमेला, खाली रुंद आणि वर कृत्तिकांकडे निमुळता होत गेलेला दुधी त्रिकोण दिसतो. हा राशिप्रकाश. सूर्याभोवती ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतणारं ऊन. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी आपल्याकडून ती पातळी क्षितिजावर जवळजवळ उभी असते म्हणून तो याच दिवसांत चांगला दिसतो. तो आकाशगंगेपेक्षा मवाळ असतो. थेट त्याच्याकडे न बघता नजर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवली की कड जाणवते. महाडकडच्या दिव्यांचा फुगवटा अगदी खाली, पिवळट आणि आडवा असतो. राशिप्रकाश उभा आणि रंगहीन. दोन्हींत गल्लत होते ती पहिल्यांदा बघणाऱ्यांचीच. कोकणात धुरकट हवा साचली असेल तर मात्र खालची एक मूठ विसरावी.

दहाला झोपून जावं. पहाटे काम आहे. मोबाईल आणि पॉवर बँक गोधडीच्या आत, अंगाजवळ. गारठलेली बॅटरी ३० टक्के दाखवता दाखवता बंद पडते आणि गजर वाजत नाही.

तिसरा दिवस: पहाटेचं दक्षिण आकाश आणि परत वेल्हे

तीनला उठणं. आधी दोन घोट गरम पाणी, मग थर चढवणं, मग बाहेर. उलट क्रमाने केलं तर पहिली वीस मिनिटं दातांवर दात वाजण्यात जातात.

सव्वातीन ते साडेतीन: त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेचा क्रूस, दक्षिणेला सरळ उभा, क्षितिजापासून जेमतेम सव्वा मूठ. पुण्यातून इमारती आणि धुरात तो बहुतेक हरवतो. चार-वीस: चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर येते. तिच्या बरोबर साडेतीन मुठी खाली दुर्बीण न्यायची, दुसरी कुठली खूण लागत नाही. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तिथे आहे, सतरा हजार प्रकाशवर्षांवर, लाखो ताऱ्यांचा. दुर्बिणीत तो फोकस चुकलेल्या ताऱ्यासारखा गोल आणि मऊ दिसतो. फोकस फिरवत बसू नका, तो तसाच आहे. युरोपातल्या बहुतेक देशांतून हा दिसत नाही. आपल्याकडे अडीच मुठी वर येतो आणि तरी पुण्यातल्या हौशींपैकी कितीतरी जणांनी बघितलेला नसतो, कारण तो फेब्रुवारीच्या पहाटे चारला येतो.

पाचला आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर आलेला, ज्येष्ठा लाल. सव्वापाचला आकाशगंगेचा मध्यभाग दोन मुठींवर. पावणेसहाला झुंजुमुंजू सुरू होतं आणि थंडी त्यानंतर वाढते. सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासचीच, तोपर्यंत जमीन ऊब सोडतच राहते. या वेळी सायकल काढू नये. बोटं बधिर असली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही आणि केळदचा उतार खडीचा, वळणांचा. आठला निघा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणारा ब्रेक, असेल तर सतत दाबून न धरता पुढचा-मागचा आलटून पालटून, वळणाच्या आधी वेग कमी करून वळणात ब्रेक सोडायचा.

दिवसभर वेल्ह्यात झोप, कपडे वाळवणं, पंक्चरची ट्यूब. ढग आले तर रात्री थंडी कमी आणि तारे नाहीत. निरभ्र असेल तर पहिल्या रात्रीची उजळणी.

चौथा दिवस: पाबे घाट, खडकवासला, पुणे

दुपारी अडीचला निघायचं. सकाळी आठ अंश असलेली हवा आता तिशीला टेकलेली. टोपी, पाणी. पाब्यानंतर घाटाच्या वळणांवर चढ एकदम कडक होतो. वळणाच्या आतल्या बाजूने जाऊ नये, तिथे तो दुप्पट उभा असतो. गिअर वळणाच्या आधी पाडायचा. ताणात पाडला तर चेन उतरते आणि चढावर पुन्हा पाय ठेवता येत नाही. खिंडीतून मागे तोरणा-राजगड, पुढे पानशेत रस्त्याचं खोरं. उतरून खानापूर, तिथून खडकवासल्यापर्यंत सपाट, पण संध्याकाळी पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांचा.

सहाच्या सुमारास धरणाच्या काठावर. १८७९ साली पूर्ण झालेलं हे धरण, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर हेही फुटलं, नंतर पुन्हा बांधलं. पहाटे आलात तर पाण्यातून वाफ निघताना दिसते. पाणी अजून कोमट आणि वरची हवा त्याहून गार, म्हणून. संध्याकाळी भाजलेलं कणीस आणि द्वितीयेची कोर. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी पश्चिमेला, मावळतीच्या किंचित वर शोधायची. सूर्य पूर्ण बुडायच्या आत दुर्बीण तिकडे न्यायची नाही. कोरीच्या कुशीत उरलेली चकती राखाडी दिसते, ते पृथ्वीवरून परतलेलं ऊन.

कोर मावळली की दिवे लावून सिंहगड रस्ता. पुढचा स्थिर, मागचा स्थिर, आणि धायरीच्या अलीकडे गर्दी असेल तर उतरून चालणं. घरी गेल्यावर दुर्बीण पिशवीतून काढून, टोपणं उघडून, रात्रभर पंख्याखाली कोरडी ठेवायची आणि मग सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. दमट पिशवीत राहिली तर पावसाळ्यापर्यंत भिंगावर बुरशीचे धागे दिसतात. गोधडी दुसऱ्या दिवशी उन्हात.